सुताराचा डावा पाय

तुम्ही त्याला एक दिवस आधी सोडलंत, कुणाला धड कळवलं नाहीत, त्याच्या मागावर एक कुत्रंसुद्धा धाडलं नाहीत, आणि आज त्याचा पाय भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवताय. लाजा नाहीत तुम्हांला?

हे ती बोलली नाही. पण वाक्य डोक्यात इतकं लख्ख उमटलं की क्षणभर तिला वाटलं, गेलं तोंडातून. शेजारच्या पाहुणीनं वळून पाहिलंसुद्धा. ती बिचारी खुर्चीखाली पडलेलं पेन शोधत होती. हॉल थंडगार होता. चौदा देशांची माणसं कानाला यंत्रं लावून बसली होती: न्यायाधीश, जेलर, पोलीस, सरकारी वकील आणि तिच्यासारखे परिवीक्षा अधिकारी, म्हणजे कैदी सुटल्यावर त्याच्यावर नजर ठेवायला नेमलेली आणि नजर ठेवता ठेवता त्याचं बोट धरायची खोड लागलेली माणसं. मागं काचेच्या खोपट्यात दुभाषी बायका बसल्या होत्या. संचालक बोलायचे, मग अर्ध्या मिनिटानं हॉलमध्ये माना हलायच्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, शेतात वारा शिरावा तशा. पडद्यावर चौथं चित्र होतं. फिकट निळा कागद, त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेलं डावं पाऊल. करंगळीच्या जागी नुसती वळणदार रेघ. खाली ठळक अक्षरं: यशोगाथा क्रमांक चार, संपूर्ण पुनर्वसन. संचालकांच्या हातातल्या काडीतून लाल ठिपका निघाला आणि बरोबर त्या नसलेल्या करंगळीवर जाऊन थरथरत थांबला. "हा बंदी आज समाजात मानानं जगतो आहे," संचालक म्हणाले. अर्ध्या मिनिटानं चौदा देशांनी टाळ्या वाजवल्या.

ती रेघ तिची होती. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, फरशीवर गुडघे टेकून, तिनंच ती काढली होती. सुतार हसत होता. अकरा वर्षं आत काढलेला, भागीदाराच्या डोक्यात हातोडा घालून आलेला माणूस, पेन्सिल बोटांमधून फिरली की लहान मुलासारखा पाय आखडत होता. "बाई, गुदगुल्या होतात हो." ती म्हणाली, "हलू नकोस, नाहीतर बूट वाकडा येईल." "करंगळीची जागा रिकामी राहणार, तिथं काय ठेवू?" "तंबाखूची पुडी ठेव." मागं उभा असलेला शिपाईही हसला होता. करंगळी आतल्या सुतारशाळेत गेली होती, रंध्याखाली की करवतीखाली ते तो दर वेळी निराळं सांगायचा. सुतार हे त्याचं नाव नव्हतं, पण आत सगळे तेच म्हणायचे, आणि तिच्या मनात तो तेवढ्याच नावानं राहिला होता.

पाऊल कागदावर काढून घ्यायची रीत तिची स्वतःची नव्हती. ती शिकलेली होती, लांबून आणलेली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. दहा आठवड्यांचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण, गुन्ह्याला आळा आणि न्यायव्यवस्था असलं भलंमोठं नाव. खात्यातून दुसरा कुणी तयार झाला नाही, म्हणून तिचं नाव गेलं. पत्र आलं तेव्हा ती दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडली. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "जा की. दहा आठवडेच आहेत, जन्मठेप थोडीच झालीय?" मुलगी सहा वर्षांची होती. तिला गुन्हा, तुरुंग, शिक्षा असं काही काही समजावून सांगितलं, तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तू काय केलंस?" हे आठवलं की आजही तिला हसू यायचं. बॅग भरताना ती पोर प्रत्येक साडीच्या घडीत स्वतःची एकेक वस्तू घालत होती, खोडरबर, रिबीन, तुटका कंगवा. तिकडच्या खोलीत बॅग उघडल्यावर त्या एकेक करून बाहेर आल्या आणि ती पलंगावर बसून ढसाढसा रडली. लोखंडी कपाट, अरुंद पलंग, चार बोटंच उघडणारी खिडकी. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं. तिला वाटलं, पोरीनं विचारलं ते बरोबरच होतं.

पण तसं सुख पुन्हा मिळालं नाही. हे कबूल करायला तिला अजून अवघड जायचं. नवरा, मूल, घर, सगळं चांगलं होतं, भरलेलं होतं, तरी आयुष्यात सगळ्यात हलकं कधी वाटलं असं कुणी विचारलं असतं तर तिच्या डोळ्यांसमोर ते वसतिगृहाचं स्वयंपाकघर आलं असतं. एकच शेगडी, सोळा देश. बेटावरून आलेला न्यायाधीश रोज सकाळी सदऱ्याला इस्त्री करायचा, सुटीच्या दिवशीसुद्धा. एक जाड्या जेलर होता, त्याच्या देशात लढाई चालू होती. तो अंडी उकडायला ठेवायचा, रेडिओला कान लावायचा, आणि अंडी फुटेपर्यंत त्याला भान नसायचं. भाषा कुणाचीच धड नव्हती. ते हातवारे करायचे, चित्रं काढायचे, पावावर लोण्यानं नकाशे काढायचे. जेलरनं एकदा स्वतःच्या तुरुंगाचा नकाशा काढला आणि खाऊन टाकला. "पळाला, सगळा तुरुंग पळाला," असं काहीतरी तो म्हणाला, आणि ते इतके हसले की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. तिथं कुणी साहेब नव्हतं. कुणाच्या खुर्चीला टॉवेल नव्हता. तिनं आपल्या खात्यातल्या गोष्टी बिनधास्त सांगितल्या, लाचेच्या, मारहाणीच्या, बेपत्ता कागदांच्या, आणि समोरचा म्हणाला, "आमच्याकडेही." हे 'आमच्याकडेही' तिनं इतक्या भाषांत ऐकलं की तिची लाज गेली आणि राग उरला. तोच राग पुढं सव्वीस वर्षं पुरला. चौथ्या आठवड्यात सगळ्यांना तुरुंग दाखवायला नेलं. बेटावरच्या न्यायाधीशानं एकोणीस वर्षं माणसं आत पाठवली होती, पण स्वतः कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. परत आल्यावर तो वसतिगृहाच्या जिन्यात बसला आणि बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला. ती शेजारी जाऊन बसली. तो म्हणाला, "तिथं वास येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी त्यानं जेवणाला नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सदऱ्याला इस्त्री केली नाही.

तक्ते, आकडे, व्याख्यानं, सगळं ती विसरली. सहाव्या आठवड्यातली एक सकाळ तेवढी राहिली. त्यांना एका म्हाताऱ्याबरोबर पाठवलं होतं. तो कुणी अधिकारी नव्हता, बुटांचं दुकान होतं त्याचं, आणि तीस वर्षं तो बिनपगारी, आपखुशीनं, सुटणाऱ्या माणसाला घ्यायला तुरुंगाच्या फाटकावर जायचा. थंडी अशी की बोलायला तोंड उघडलं तर दात दुखत होते. म्हाताऱ्याच्या हातात कापडी पिशवी. फाटकातलं लहान दार उघडलं आणि एक उंच माणूस बाहेर आला, लंगडत. म्हातारा पुढं झाला, पिशवीतून बुटांचा जोड काढला, जमिनीवर ठेवला, आणि माणसाकडे पाठ करून उभा राहिला. तेवढंच. माणूस बूट बदलत होता आणि म्हातारा रस्त्याकडे बघत होता. मग वळून त्यानं विचारलं, "कुठं जायचं?" 'चल' म्हणाला नाही. अकरा, पंधरा, वीस वर्षं ज्याला सगळे 'चल' म्हणत आले त्याला पहिल्यांदा कुणी कुठं जायचं ते विचारत होतं. तो माणूस रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिला. त्याला ठरवता येईना. म्हाताऱ्याला घाई नव्हती. तिच्या पायांना मुंग्या आल्या, नाक गळायला लागलं, पण तिला वाटत होतं, हे संपू नये.

नंतर दुकानात म्हाताऱ्यानं उलगडून सांगितलं. माणूस आत जातो तेव्हा त्याचे बूट कोठारात जातात. पोत्यात पडून कातडं लाकूड होतं. इकडे रबरी चपलांत वर्षानुवर्षं पाय फाकतो. सुटतो त्या दिवशी तेच बूट हातात देतात. ते चावतात. चावणाऱ्या बुटांनी माणूस फार लांब जात नाही, जवळ जिथं बसायला मिळेल तिथं बसतो, आणि तुरुंगाजवळ बसायला काय असतं ते तुम्हांला ठाऊक आहे, तो म्हणाला. दारूचं दुकान, आणि तिथं आधीच बसलेले जुने दोस्त. म्हणून महिनाभर आधी पावलाचा कागद मागवायचा. बेटावरच्या न्यायाधीशानं विचारलं, "किती जण सुधारले?" म्हातारा म्हणाला, "ते मोजले नाहीत. चुकलेले मोजलेत. नऊ." आणि त्यानं नऊ जणांची हकिगत सांगितली, पहिल्यापासून, कुठं आपल्याला उशीर झाला, कुठं तारीख चुकली, एकदा बायको आजारी होती, एकदा नुसता कंटाळा आला होता. दुभाषी रडकुंडीला आली. म्हातारा मात्र सोमवारी कुठला माल आला ते सांगावं तसं सांगत होता.

परत आल्यावर तिनं चाळीस पानी अहवाल लिहिला. तो कपाटात गेला. तोंडी सांगितलं तर तेव्हाचे साहेब म्हणाले, "बाई, आपण खातं चालवतो, चपलांचं दुकान नाही." मग तिनं विचारणं सोडलं आणि करायला लागली. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतले निळे कागद, एक शिसपेन्सिल. बूट कधी दुकानदाराकडून खोट निघालेले, कधी नातेवाइकांचे, कधी स्वतः घेतलेले. नवरा म्हणायचा, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पायाचा नंबर सांग बघू." तिला सांगता यायचा नाही. "बघा! चोरांचे पाठ आहेत हिला." पण फाटकावर जायच्या दिवशी सकाळी तोच बुटांना पॉलिश करून ठेवायचा, आणि पॉलिश करताना नाडी नवीन आहे की नाही ते बघायचा. ऑफिसात तिला जोडेवाली बाई म्हणायचे. म्हणोत. तुरुंगाच्या फाटकावरचा शिपाई तिला ताई म्हणायचा आणि बसायला स्वतःचं स्टूल द्यायचा. ती बसायची नाही.

मग खातं बदललं, किंवा जग बदललं. बाहेरून पाहुणे यायला लागले. बाहेरच्यांनी 'वा' म्हटल्यावर आतल्यांना दिसायला लागलं. तिच्या निळ्या कागदाला 'पाऊल पद्धत' असं नाव मिळालं, त्याची पुस्तिका छापली, आणि दर वर्षी दोन दिवस तिला फाटकावरून काढून या हॉलमध्ये उभं करायला लागले, फाटकावर कसं उभं राहावं ते शिकवायला. तिला ते आवडत होतं, हेही खोटं कशाला बोला. त्या स्वयंपाकघराचा वास तिला या हॉलमध्ये येतो आहे असं वाटायचं. कुणीतरी बेटावरचा, कुणीतरी लढाईतला. ती बोलायची आणि समोरचे डोळे ओले व्हायचे, आणि तिला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार आणि बुधवारही तसेच गेले होते, याच हॉलमध्ये, फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवून. सुतार गुरुवारी सुटायचा होता. मंगळवारी ती घरी आली तेव्हा नवरा म्हणाला, "गुरुवारी सुटी जाहीर झाली बरं का, फेरमतदान आहे." ती पाय वर घेऊन बसली होती. "बरं झालं," ती म्हणाली, "ऑफिसात तोंड दाखवायला नको. सकाळी थेट सुताराला घ्यायला जाईन." बरं झालं! सुटकेचा दिवस सुटीवर आला की आदल्या दिवशी सोडतात, हा नियम ती वीस वर्षं नवीन पोरांना शिकवत आली होती. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायची, खाली दोन रेघा मारायची. आणि त्या संध्याकाळी, टाळ्यांनी कान भरलेले असताना, तिच्या डोक्यात तो आलाच नाही. बुधवारी दिवसभर ती बोलत राहिली. नवऱ्यानं बुटांना पॉलिश केलं. गुरुवारी सकाळी ती पिशवी घेऊन फाटकावर गेली, तर शिपाई स्टूल न देता नुसता उभा राहिला. "ताई, तो काल गेला."

काल सकाळी आठला सोडलं. फाटकासमोरच्या दगडावर बसून होता, शिपाई सांगत होता. जुने बूट हातात. पायात येतच नव्हते. तीनदा येऊन वेळ विचारली. मी म्हटलं, बाई येतील, त्या येतातच. चार वाजता उठला आणि गेला. कुठल्या बाजूला? शिपायानं हात वर केला, डावीकडे, मग उजवीकडे. "लक्ष नव्हतं, ताई. पाळी बदलत होती." तुरुंगानं मंगळवारीच पाठवलेली चिठ्ठी तिच्या टेबलावर, पेपरवेटखाली, नीट होती. त्याला बुधवारीच सोडण्याचा हुकूम आणि तिला हॉलमध्ये पाठवण्याचा हुकूम, दोन्ही तिनं नंतर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सही एकाच हाताची होती, संचालकांच्या. शाईसुद्धा एकच.

मग तिनं शोधलं. सुताराची बहीण तीन वर्षांपूर्वीच घर बदलून गेली होती, त्याला कळवायचं राहून गेलं होतं. शेजारीण म्हणाली, "हो, आला होता एक जण, अनवाणी. पाणी मागितलं. पाणी पिऊन भांडं धुऊन दिलं, म्हणून लक्षात राहिला." बहीण नव्या पत्त्यावर सापडली. तिनं दार अर्धं उघडलं, मग पूर्ण. "ताई, मी लिहिणार होते. पोरांना सांगितलं नव्हतं ना मामा कुठं असतो ते. आज लिहू, उद्या लिहू..." आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. अजूनही दर महिन्याला त्या बाईचा फोन यायचा. "काही कळलं का हो?" पोलीस ठाण्यात ती हरवल्याची तक्रार द्यायला गेली, तर ठाणेदार म्हणाला, "बाई, सुटलेला माणूस हरवला असं कसं लिहू? सुटलाच आहे ना तो?" दवाखाने, बेघरांचे निवारे, लाकडाच्या वखारी, रंधा मारणाऱ्यांची दुकानं. खात्याला सात पत्रं. एकदा उत्तर आलं. त्यात नवीन निकष लिहिला होता: सुटल्यापासून दोन वर्षांत जो पुन्हा तुरुंगात आला नाही, तो पुनर्वसित समजावा. तेव्हा दोन वर्षं व्हायला चार महिने होते. ती वाट पाहत होती, आणि खातंही वाट पाहत होतं.

चहाच्या सुटीत संचालक स्वतः कप घेऊन तिच्याजवळ आले. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. नोकरीला लागले तेव्हा आठवडाभर तिच्याबरोबर फाटकावर उभे राहिले होते आणि आठव्या दिवशी थंडीनं आजारी पडले होते. वाईट माणूस नव्हता. तेच तर दुखत होतं.

"मॅडम, चेहरा का असा? साखर कमी पडली का?"

"चौथं चित्र काढून टाका, साहेब."

संचालकांनी कप बशीत ठेवला. "मला वाटलंच होतं तुम्ही हा विषय काढणार. एक सांगू? राग मानू नका. तो परत आला नाही, हे खरं ना?"

"कुठं परत आला नाही?"

"तुरुंगात."

"घरीही नाही आला, साहेब."

"निकष मी एकट्यानं नाही ठरवला. सगळीकडे तोच चालतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पहिल्या रांगेत मंत्रालयातली माणसं बसलीत, पाहिलंत ना? आज पद्धत मंजूर होतेय. प्रत्येक तुरुंगाच्या नियमावलीत पावलाचा कागद येणार, सक्तीनं. तुमच्या त्या चाळीस पानांचं सोनं होतंय, मॅडम. चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त. मग फाटकावर कोण उभं राहणार? आज नीट बोललात तर पन्नास माणसं उभी राहतील. एका माणसापायी पन्नास फाटकं बंद करू नका."

"आणि तो एक?"

"तो सापडला तर मला आनंदच आहे."

"शोधलंत तर सापडेल ना."

"मॅडम," संचालक थकल्यासारखे म्हणाले, "तुम्हीसुद्धा नव्हता तिथं त्या दिवशी."

ते गेले. हे खरं होतं. ती हात धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि मनगटांवर पाणी घेत उभी राहिली. आरशात एक जाडसर, केस पिकलेली बाई. कुणाला फोन करावा? फोन टोपलीत होता. नवऱ्यानं काय सांगितलं असतं ते तिला ठाऊक होतं: "तू ठरवलंयस आणि आता माझ्याकडून सही हवीय तुला." मुलगी म्हणाली असती, "आई, घरी ये." पन्नास फाटकं. तिनं ती मांडून पाहिली, पन्नास पहाटा, पन्नास पिशव्या, पन्नास पाठी वळलेल्या. सुंदर दिसत होतं. सव्वीस वर्षं जे कपाटात कुजलं ते एका सहीनं देशभर जाणार. एक वाक्य गिळायचं फक्त. तिनं आयुष्यात यापेक्षा मोठे घास गिळले होते. आणि मग तिला दिसलं की त्या पन्नासांच्या हातात पुस्तिका आहे, पुस्तिकेत चौथं चित्र आहे, आणि पन्नास नवीन पोरं ते बघून शिकताहेत की माणूस दिसेनासा झाला म्हणजे काम फत्ते. फाटकावर जायची गरजच काय? न गेलेलाच बरा, आकडा चांगला येतो. ही तिची पद्धत नव्हती. म्हाताऱ्यानं नऊ मोजले होते. हे लोक तिच्या एकाला टाळ्यांत बुजवत होते, आणि खड्डा तिच्याच पेन्सिलीनं खणून घेत होते. म्हातारा आता नसणार. जाड्या जेलरचं लढाईत काय झालं कुणास ठाऊक, शेवटचं पत्र एकवीस वर्षांपूर्वीचं. बेटावरचा न्यायाधीश मात्र निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला तुरुंगात जाऊन वास घेऊन यायचा, असं त्यानं कळवलं होतं. तिला त्या सगळ्यांची इतकी आठवण आली, त्या शेगडीची, पावावरच्या नकाशाची, 'आमच्याकडेही' म्हणणाऱ्या त्या उघड्या तोंडांची, की नळ वाहतोच आहे हे ती विसरली. तिथं कुणी यशोगाथा सांगत नव्हतं. सांगितली असती तर जेलरनं ती लोणी लावून खाल्ली असती.

तिचं नाव पुकारलं. ती चढली. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला आणायला एक माणूस धावला. समोर चौदा देश. पाहुण्यांत एक तरुण जेलरीण बाई होती, वहीवर आत्ताच पावलाची आकृती काढून बसलेली, करंगळी न काढता.

"मी फाटकावर कसं उभं राहायचं ते शिकवणार होते," ती म्हणाली. तिनं ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "त्याआधी मी कुठं उभी नव्हते ते सांगते." आणि तिनं सांगितलं. मंगळवार, बुधवार, सुटीचा नियम, पाय वर घेऊन म्हटलेलं 'बरं झालं'. दगडावर बसलेला माणूस, हातात बूट, तीनदा विचारलेली वेळ. धुऊन दिलेलं भांडं. बहिणीचे फोन. ती सावकाश बोलत होती, दुभाषींना जमावं म्हणून, आणि तिच्या मागून ते सगळं हॉलमधून दुसऱ्यांदा जात होतं. कुणी हसत होतं ते थांबलं. पहिल्या रांगेतले एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागले. तिनं मागं वळून पडद्याकडे हात केला. "चौथं चित्र लावा."

चित्र लावणारा पोरगा संचालकांकडे बघायला लागला. संचालक उठले. "मॅडम, हा विषय आपण आत बसून बोलू."

"दोन वर्षं मी आत बसूनच बोलतेय, साहेब. सात पत्रं लिहिली."

"पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, तो मानानं जगतो आहे. चूक माझी आहे, मी नियम विसरले, ती मी कबूल केली. माझं पुस्तिकेतलं नाव खोडा. पद्धत मंजूर करायची नसली तर नका करू. पण तुम्ही म्हणालात तो जगतो आहे. म्हणजे तुम्हांला माहीत आहे."

काचेच्या खोपट्यात एक बाई क्षणभर थांबली, मग तिचे ओठ हलायला लागले. अर्ध्या मिनिटानं माना तिच्याकडून संचालकांकडे वळल्या, एका टोकाकडून, एकेक रांग. पेनं उघडली गेली. ती तरुण जेलरीण बाई तर वहीचं नवीन पान काढून बसली, पत्ता लिहून घ्यायला. तिला वाटलं असावं, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

"तर मग सांगा," ती म्हणाली, "गल्ली कुठली? घर कुणाचं? कामाला कुठं जातो? जोडीदार मिळाला का, की एकटाच शिजवून खातो? मला पाचला सुटी होते, मी तशीच जाईन, सोबत त्याच्या बहिणीला घेईन. इतकी माणसं लिहून घ्यायला बसलीत, साहेब, त्यांना खोळंबून ठेवू नका. कुठं राहतो तो?"